अभिप्राय घेता, मग उत्तराचा रकाना कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आज सकाळी सव्वासातला गॅसवर चहाचे आधण ठेवले होते, तेवढ्यात फोन वाजला. एका मोठ्या ऑनलाइन कंपनीचा निरोप होता : ‘तुमचा कालचा अनुभव कसा होता? एक ते पाच तारे द्या.’ काल आली होती कुकरची रिंग, १४९ रुपयांची. ती अजून पुडक्यातच होती. कुकरला बसते का, शिटी नीट होते का, काहीच पाहिले नव्हते. मग अनुभव कशाचा सांगायचा? खाली बारीक अक्षरात लिहिले होते, ‘तुमच्या अभिप्रायामुळे आमची सेवा सुधारते.’

ती खरेच सुधारते का, हे विचारायला हे पत्र लिहीत आहे. पत्र लांब होईल. पण सात महिने वही ठेवली आणि मगच लिहायला बसले, म्हणून शक्य तर पूर्ण छापावे ही विनंती.

मी ३४ वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले. आता निवृत्त आहे. साताऱ्यात चिमणपुरा पेठेत अजिंक्यतारा किल्ल्याच्या अंगाला आमचे जुने घर आहे, तिथे आम्ही दोघेच असतो. मुलगा पुण्यात. माझे दोन्ही गुडघे दुखरे. राजवाड्यापर्यंत उतरून जाणे जमते, पण हातात पिशव्या घेऊन परत चढणे होत नाही. त्यामुळे कणीक चाळायच्या चाळणीपासून यजमानांच्या चपलांपर्यंत बरेच काही ऑनलाइनच येते. या कंपन्यांना सरसकट नावे ठेवणाऱ्यांतली मी नाही. आमच्या वयाच्या माणसांना त्यांचा मोठा आधार आहे.

अभिप्राय मागितला की तो द्यायचाच, ही सवय मला आमच्या पेठेतल्या वाचनालयाने लावली. तिथे टेबलावर एक लांबट सूचनावही असायची. पहिल्या रकान्यात तारीख आणि नाव, दुसऱ्यात सूचना, आणि तिसऱ्या रकान्यावर लिहिलेले असायचे ‘कार्यवाही’. मी एकदा लिहिले होते की मुलांसाठी गणिती कोड्यांची पुस्तके घ्यावीत. पंधरवड्याने वही उघडली तर तिसऱ्या रकान्यात ग्रंथपालांनी लाल शाईने लिहिले होते : ‘यंदाची तरतूद संपली. मार्चनंतर चार पुस्तके घेऊ.’ एप्रिलमध्ये तीन आली. चौथे का आले नाही तेही खाली लिहिले होते, छपाई बंद झाली म्हणून. दुसऱ्या एका गृहस्थांनी पंख्याखालची जागा ज्येष्ठांना राखून ठेवा असे लिहिले होते, त्यापुढे स्पष्ट ‘शक्य नाही’ असे होते आणि कारणही होते. नकार मिळाला तरी त्या माणसाला राग आला नसावा, कारण पुढच्याच पानावर त्यांची आणखी एक सूचना होती.

तोच विश्वास ठेवून मी ऑनलाइन कंपन्यांचे प्रश्नही भरत गेले. गेल्या गुढीपाडव्याला एक शंभर पानी वही घेतली आणि दिवाळीच्या पाडव्यापर्यंत आलेली प्रत्येक प्रश्नावली तिच्यात टिपली. निरनिराळ्या कंपन्यांच्या मिळून ४१ झाल्या. प्रत्येकीत काय विचारले, मी काय उत्तर दिले आणि पुढे काय झाले, असे तीन रकाने. सात महिन्यांनी तिसऱ्या रकान्यात २९ ठिकाणी ‘आपोआप आलेले धन्यवाद’, ११ ठिकाणी नुसती रेघ आणि एका ठिकाणी ‘फोन आला’. त्या फोनचे पुढे सांगते.

अभिप्रायाने काहीच फरक पडत नाही, असे मात्र मला म्हणता येत नाही. फरक पडतो, आणि तो कुणाला पडतो हे मला आषाढात कळले.

आमच्याकडे पार्सल घेऊन येणारा मुलगा परळी खोऱ्यातला आहे. बारावी झालेला, गाडीचा हप्ता फेडतो आहे. आमच्या घरापर्यंत गाडी येत नाही. खालच्या गल्लीतून ३८ दगडी पायऱ्या चढून यावे लागते. कंपनीच्या नकाशात आमच्या घराची खूण त्या खालच्या गल्लीत, किराणा दुकानाच्या दारात पडते. मी पत्त्यात ‘पायऱ्या चढून वर’ असे लिहिलेले आहे, पण खूण काही हलत नाही. नवीन मुलगा दर वेळी दुकानापाशी थांबतो आणि फोन करतो. तो त्या दिवशी पहिल्यांदाच आला होता. पाऊस असा की समोरचे दिसत नव्हते. त्याने पार्सल दुकानात ठेवले आणि फोन केला, “आजी, खाली दुकानात ठेवलंय, घेऊन जावा. अजून सतरा पार्सलं हायती.” मी रेलिंगला धरून उतरले. तो निघताना म्हणाला, “आजी, तेवढं पाच तारं द्या बरं का.”

मला ते आवडले नाही. ३४ वर्षांत परीक्षेच्या आधी येऊन गुण मागणारा विद्यार्थी मी दारात उभा केला नव्हता. घरी येऊन विचारपूर्वक गुणदान केले. माल वेळेत, पुडके कोरडे, बोलणे नीट, पण घरपोच नाही. तीन तारे. माझ्या हिशेबाने पाचात तीन म्हणजे ६० टक्के, म्हणजे प्रथम श्रेणी.

दोन आठवड्यांनी तो परत आला, या वेळी पायऱ्या चढून. पाणी दिले. ओट्यावर बसला आणि सहज बोलून गेला, “आजी, त्या आठवड्याचा इन्सेंटिव्ह गेला माझा. चिमणपुऱ्यातनं कुणीतरी तीन दिलं.”

मी म्हटले, “तीन काही वाईट नाहीत रे.”

“आवं आजी, आमच्यात तीन म्हंजी नापासच. ४.८ लागतंय.”

मी त्याला किती जणांनी तारे दिले होते ते विचारले. त्या आठवड्यात त्याने शेकडो पार्सले पोचवली होती आणि तारे देणारे निघाले फक्त सहा. पाच जणांनी पाच-पाच दिले, एकाने तीन. बेरीज २८, भागिले सहा, सरासरी सुमारे ४.६७. निदान दहा जणांनी तारे दिले असते तर नऊ पाचांचे ४५ आणि माझे ३ मिळून ४८ झाले असते, सरासरी बरोबर ४.८ आली असती आणि मुलगा पास झाला असता. भाजक लहान असला की एका आकड्याचे वजन केवढे होते हे मी किती तरी वर्ष फळ्यावर लिहून दाखवले. इथे तो आकडा माझाच होता.

मी सांगून टाकले, “ते तीन मी दिले होते.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “असू द्या आजी. तुम्ही काय मुद्दाम न्हाई केलं.” पेला धुऊन ठेवतो म्हणाला, मी ठेवू दिला नाही.

त्या रात्री मी वही काढून बसले आणि आधीचे सगळे तारे पुन्हा तपासले. मी दोन तारे कापले होते ते घरपोच न दिल्याबद्दल. घरपोच का दिले नाही, तर नकाशाची खूण चुकीची आणि डोक्यावर सतरा पार्सले. नकाशा कंपनीचा, एका मुलाला एका फेरीत किती पार्सले द्यायची हे ठरवणारीही कंपनीच. गुण मात्र त्याचे गेले.

बोर्डाच्या उत्तरपत्रिका मी अनेक वर्षे तपासल्या आहेत. मी दिलेले गुण नियामकांकडे जातात, ते काही उत्तरपत्रिका पुन्हा तपासतात. विद्यार्थ्याला शंका असेल तर तो छायाप्रत मागवू शकतो, गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करू शकतो. प्रश्नच अभ्यासक्रमाबाहेरचा निघाला तर त्याचे गुण सगळ्यांना देण्याची सोय असते. परळी खोऱ्यातल्या त्या मुलाला यातले काय आहे? त्याला तीन कुणी दिले, कशासाठी दिले, हेसुद्धा कळले नव्हते. कळली ती फक्त पेठ.

आणि मला तरी मोजपट्टी कुठे कुणी सांगितली होती? ‘तीन म्हणजे नापास’ हे त्या पडद्यावर कुठेही लिहिलेले नाही. उलट माझ्या फोनवर तिसऱ्या ताऱ्याखाली ‘चांगला’ असा शब्द उमटतो. आपल्याकडे दहावीला ३५ ला उत्तीर्ण, ६० ला प्रथम श्रेणी आणि ७५ ला विशेष प्रावीण्य, असे तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. माझ्यासारख्या जुन्या माणसांचा हात मुळातच आखडता. आम्ही मनापासून ‘चांगला’ म्हणतो आणि तिकडे एकाचा पगार कापला जातो.

हीच गत त्या ‘आमची शिफारस मित्रांना कराल का, शून्य ते दहा’ या प्रश्नाची. ही पद्धत फ्रेड राइकहेल्ड या अमेरिकी सल्लागारांनी २००३ मध्ये मांडली आणि आता जगभरच्या कंपन्या ती वापरतात. तिचा हिशेब असा. ९ आणि १० देणारे ते समर्थक. ७ आणि ८ देणारे कुठेच धरायचे नाहीत. शून्यापासून ६ पर्यंत देणारे सगळे विरोधक. समर्थकांच्या टक्केवारीतून विरोधकांची टक्केवारी वजा केली की कंपनीचे गुण निघतात. म्हणजे प्रथम श्रेणीचे सहा दिले तर मी विरोधक. मी कागदावर एक उदाहरण करून पाहिले. दहा ग्राहक आहेत आणि दहाही जणांनी ८ दिले. समर्थक नाहीत, विरोधक नाहीत, उत्तर शून्य. आता दुसरे दहा ग्राहक घ्या. पाच जणांनी १० दिले आणि पाच जणांनी शून्य. समर्थक ५० टक्के, विरोधक ५० टक्के, उत्तर पुन्हा शून्य. पहिल्या गटातले दहाही जण बऱ्यापैकी समाधानी आहेत. दुसऱ्यातले निम्मे संतापलेले आहेत. हा एकच आकडा वरच्या मजल्यावर पाठवला तर तिथे बसलेल्याला काय कळणार? नववीच्या मुलाने असे उत्तर आणले असते तर मी त्याला ‘पायऱ्या दाखव’ म्हटले असते.

दिवाळीत माझी एक विद्यार्थिनी भेटायला आली होती. पुण्यात कॉल सेंटरला चार वर्षे होती, आता लग्न होऊन कराडला असते. तिला वही दाखवली. ती म्हणाली, “बाई, तुम्ही कंपनीवर रागावून एक देता, तो माझ्या नावावर पडतो.” माल परत घ्यायचा की नाही, पैसे किती दिवसांत द्यायचे, हे नियम तिने केलेले नसतात. तिच्यासमोर पडद्यावर जे येते तेच तिला बोलायचे असते. समोरचा माणूस नियमावर चिडून एक देतो आणि महिन्याच्या शेवटी ती आपल्या वरिष्ठांपुढे उभी राहून त्या एकाचे स्पष्टीकरण देते. काही मुली फोन ठेवण्याआधी विनवायच्या, ‘सर, प्रश्न सुटला नाही, पण माझ्याशी बोलण्याबद्दलच तारे द्या.’ हे सांगताना तिचे डोळे भरले. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीची नोकरी अशाच आकड्यांवरून गेली होती.

मी तिला विचारले, आम्ही खाली जे शेरे लिहितो ते कुणी वाचते का? ती म्हणाली, हजारो शेरे माणूस वाचत नाही. संगणक शब्दांवरून त्यांचे गठ्ठे पाडतो. ‘उशीर’ एकीकडे, ‘तुटलेले’ दुसरीकडे. ज्या गठ्ठ्याची उंची वाढते त्याकडे लक्ष जाते. चिमणपुऱ्यातल्या ३८ पायऱ्यांचा गठ्ठा कधीच उंच होणार नाही, हे मला तिथल्या तिथे उमगले.

४१ प्रश्नावल्यांपैकी ३३ मध्ये मुख्य प्रश्न माणसाबद्दलचा होता. मुलगा नम्र होता का? मुलीने तुमचे ऐकून घेतले का? सहांमध्ये पुडक्याबद्दल विचारले होते. दोनांत शिफारस कराल का एवढेच. नकाशाची खूण बरोबर आहे का, वस्तूची माहिती मराठीत हवी का, परत घेण्याची मुदत पुरेशी आहे का, हे एकदाही विचारलेले नाही. ज्या गोष्टी कंपनीच्या स्वतःच्या हातातल्या आहेत त्यांवर प्रश्नच काढलेला नाही. मी पेपर काढणारी बाई होते. पेपर कोण काढतो त्यावर कोण नापास होणार हे बरेचसे ठरते. आणखी एक पाहिले. पाच तारे दाबले की पडदा मिटतो, दोन दाबले की मागोमाग चार पाने उघडतात, हे का, ते का. नाराज माणसाला जास्त वेळ द्यावा लागतो, म्हणून निम्मे तिथेच कंटाळतात.

आता त्या एका फोनचे. श्रावणात एका सद्गृहस्थांचा फोन आला, फार आदबीने बोलले. “मॅडम, आपण चारच तारे दिलेत, पाचवा का नाही?” मी म्हटले, मुलगा उत्तम आहे, त्याचे पाच लिहून घ्या. तुमचा नकाशा चुकला आहे. खूण ३८ पायऱ्या वर सरकवा. ते म्हणाले, “मॅडम, तो विभाग वेगळा आहे.” मग त्या विभागाला कळवा म्हटले. “आमच्याकडे तसा पर्याय नाही.” आवाजावरून माणूस प्रामाणिक वाटला. त्याच्या पडद्यावर खरेच तसा रकाना नसणार.

आकडा हेच ध्येय झाले की काय होते ते आम्ही शिक्षकांनी जवळून पाहिले आहे. शाळेचा निकाल शंभर टक्के हवा, म्हणून काही शाळांत कच्च्या मुलांना नववीनंतर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगितले जायचे. मूल तेच, त्याचे गणित तेवढेच कच्चे, पण शाळेचा निकाल चकचकीत. अशा एका मुलाची आई माझ्या दारात येऊन रडली होती, तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. पाच तारे मागणारा मुलगा आणि विनवणारी मुलगी पाहिल्यावर मला त्या बाईची आठवण झाली. सेवा होती तिथेच आहे. आकडा तेवढा वर गेला आहे.

शिवाय उत्तर देतात कोण? पालकसभेला कोण येते हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. ज्याचा मुलगा पहिला आला तो येतो आणि ज्याला भांडायचे आहे तो येतो. मधले चाळीस घरी असतात. १९३६ मध्ये अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. २० लाखांहून अधिक भरून परत आल्या. त्यावरून लँडन जिंकणार असे छापले आणि प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत निवडून आले. पत्ते घेतले होते टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांतून, आणि उत्तर पाठवणारे त्यांच्यातले हौशी. उत्तरे लाखांनी आली म्हणजे ती सगळ्यांची झाली असे नाही.

एका ठिकाणी मात्र माझे ऐकले गेले आणि ते सांगायला हवे. ही कुकरची रिंग मी याआधी दोनदा मागवली होती आणि दोनदा परत पाठवली. पानावर नुसते ‘पाच लिटर’ लिहिलेले, पण आतल्या झाकणाच्या आणि बाहेरच्या झाकणाच्या कुकरची रिंग वेगळी असते, हे आपल्याकडे भांड्याच्या दुकानातला पोरगाही सांगेल. परत पाठवताना कारण विचारतात. मी दोन्ही वेळा ‘वर्णनाशी जुळत नाही’ निवडले आणि खाली हे लिहिले. या खेपेला पाहिले तर पानावर नवी ओळ आली होती, ‘फक्त बाहेरच्या झाकणाच्या कुकरसाठी.’ माझ्यासारख्या बऱ्याच जणींनी परत पाठवली असणार. वस्तू परत गेली की मुलाची फेरी, गोदामातली तपासणी, पुन्हा बांधणे, असा सगळा खर्च कंपनीवर किंवा विक्रेत्यावर येतो. जिथे त्यांचे पैसे जातात तिथला रकाना वाचला जातो. म्हणून वाचकांना सांगणे की वस्तू परत करताना कारण घाईने काहीतरी दाबू नका, नीट लिहा. माझ्या अनुभवात त्या दोन ओळींनी जे केले ते ४१ प्रश्नावल्यांनी केले नाही.

दुसरे उदाहरण यजमानांच्या रक्तदाबाच्या यंत्राचे, आणि ते जास्त गंभीर आहे. पानावर लिहिले होते, दंडाचा पट्टा २२ ते ४२ सेंटिमीटर. यजमानांचा दंड ३५ सेंटिमीटर. आलेल्या खोक्यात पट्टा निघाला २२ ते ३२ चा. आम्ही आकडा पाहिलाच नाही, ओढून ताणून बांधत राहिलो. घरी वरचा दाब १६० च्या आसपास दिसू लागला. यजमानांची झोप उडाली. डॉक्टरांकडे मोजला तर १३४. त्यांनी यंत्र मागवून घेतले, पट्टा हातात धरला आणि म्हणाले की पट्टा दंडाला लहान पडला की दाब खोटा वाढलेला दिसतो. त्यांनी पाहिले नसते तर औषधाची मात्रा वाढली असती. तोवर परत करण्याचे सात दिवस उलटून गेले होते. फोन केला, मुलगी गोड बोलली, पण ‘मुदत संपली’ यापुढे जाईना. मागोमाग प्रश्नावली आली, ‘आमच्या प्रतिनिधीने तुम्हाला कशी मदत केली?’ आता शहाणी झाले होते. मुलीला पाच दिले, खाली पट्ट्याची हकीकत लिहिली. तिसऱ्या रकान्यात रेघ.

मग विद्यार्थिनीच्या सांगण्यावरून दुसरी वाट धरली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली ई-कॉमर्सचे नियम जुलै २०२० मध्ये आले आहेत. त्यांप्रमाणे प्रत्येक ऑनलाइन कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचे नाव आणि संपर्क आपल्या संकेतस्थळावर दाखवावा लागतो, तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि एक महिन्याच्या आत तिचे निवारण करावे लागते. त्या अधिकाऱ्याचे नाव शोधायला मला पाऊण तास लागला, अगदी तळाला बारीक अक्षरात होते. मराठीतच पत्र लिहिले, पानाचे आणि पट्ट्याचे फोटो जोडले. दुसऱ्या दिवशी क्रमांकासह पोच आली. एकोणिसाव्या दिवशी मोठा पट्टा घरी आला आणि पानावरचा आकडाही बदललेला होता. त्याच कंपनीला तीच गोष्ट प्रश्नावलीत लिहिली तेव्हा कुणी ढुंकून पाहिले नव्हते. फरक एवढाच की या कागदाला क्रमांक होता, तारीख होती, कुणाचे तरी नाव होते आणि मागे कायदा होता.

तिथेही काम झाले नसते तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचे कार्यालय बेंगळुरूला असो की गुरुग्रामला, २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली तेव्हा देशात ग्राहकासाठी स्वतंत्र कायदाही नव्हता, तो २४ डिसेंबर १९८६ ला झाला. इतक्या कष्टाने मिळालेली दारे उघडी आहेत आणि आपण ताऱ्यांवर बोटे दाबत बसलो आहोत, याचे मला फार वाईट वाटते.

कंपन्यांनी प्रश्न विचारणे बंद करावे असे माझे म्हणणे नाही. विचारावेत, पण मुलाचे गुण आणि कंपनीचे गुण वेगळे मागावेत. तिसरा तारा नापासाचा असेल तर तो नापासाचा आहे असे तिथेच लिहावे. सहा जणांच्या ताऱ्यांवरून कुणाचा इन्सेंटिव्ह कापू नये. ज्याला कमी गुण मिळाले त्याला कारण कळावे आणि आपली बाजू मांडता यावी. आणि आमच्या वाचनालयाच्या वहीसारखा एक रकाना ठेवावा. महिन्यातून एकदा आमच्या पेठेपुरते तरी सांगावे की अमुक सूचना आल्या, अमुक केल्या, अमुक शक्य नाहीत. ‘शक्य नाही’ एवढे उत्तर आले तरी चालेल. जे संगणक माझ्या रिंगचा अनुभव सकाळी सव्वासातला विचारू शकतात त्यांना हे अवघड नसावे.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. महिन्यातून एकदा अर्धा रकाना देऊन मोठ्या ऑनलाइन कंपन्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांचे संपर्क छापावेत. माझ्या वयाच्या वाचकांना ते तळाचे बारीक अक्षर दिसत नाही. कात्रण काढून फ्रिजला लावता येईल.

आजच्या प्रश्नाला मी दुपारी उत्तर दिले. रिंग बसली, शिटी नीट झाली. मुलाला पाच तारे दिले. खाली लिहिले, ‘घराची खूण खालच्या गल्लीत आहे, ती ३८ पायऱ्या वर घ्यावी.’ मग तेच पत्रात लिहून, फोटो जोडून त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवले आणि वहीत वेळ टाकली, दुपारी ३.४०. परवा त्याच वेळेला ४८ तास पूर्ण होतात. तिसऱ्या रकान्यात काय लिहायला मिळते ते आपल्याला कळवीन.

आपली नम्र वाचक,
एक निवृत्त गणित शिक्षिका
चिमणपुरा पेठ, सातारा